परसातलं बावखल : कोई माशांचं तळं घरी कसं बांधावं

हैदराबादेत ‘आम्ही कोईचं तळं बांधतोय’ असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘कोई मतलब कौन?’ तेव्हा आधी नावाचा उलगडा करते. हा कोई जपानी. त्याचं पूर्ण नाव निशिकीगोई. निशिकी म्हणजे रंगीत रेशमी जरतारी कापड, आणि कोई म्हणजे कार्प जातीचा मासा. आपण मराठीत त्याला खुशाल ‘पैठणी मासा’ म्हणावं. पैठण निजामाच्या राज्यातच होतं, त्यामुळे हैदराबादकरांचाही त्या शब्दावर थोडा हक्क आहेच.

पांढऱ्यावर लाल ठिपके असलेला कोहाकू, त्यात काळा मिसळला की सांके, आणि काळ्या अंगावर लाल-पांढरं आलं की शोवा. ही तीन नावं पाठ असली की माशांच्या दुकानात तुमच्याकडे जरा आदराने बघतात. गोल्डफिश वेगळा. ओळखायची सोपी खूण म्हणजे मिशा. कोईच्या तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात, गोल्डफिशला एकही नसते.

आता हा मासा राजवाड्यातला वाटतो, पण तो शेतकऱ्यांचा आहे, आणि ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडली. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ भागात, यामाकोशीकडे, भातशेतीला पाणी द्यायला पायऱ्या-पायऱ्यांची तळी होती. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद व्हायच्या, म्हणून लोक त्या तळ्यांत खायला कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्या काळपट माशांत मधूनच एखादा लाल किंवा पांढरा निघू लागला. कुणीतरी तो कापायचा सोडून वेगळा ठेवला. पुढे १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग त्यांचं नाव देशभर झालं. २००४ च्या ऑक्टोबरात त्याच भागात मोठा भूकंप झाला, तळी फुटली, यामाकोशी गाव रिकामं करावं लागलं. लोक परत आले आणि तळी पुन्हा बांधली.

म्हणजे मूळ काय, तर शेताच्या पाण्याची साठवण आणि तिच्यात मासे. हे ऐकल्यावर आमची आजी म्हणाली, ‘मग हे आमचं बावखलच की!’

आजी वसईची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वसईच्या वाड्यांमध्ये, म्हणजे बागायतीत, हाताने खणलेली गोड्या पाण्याची उघडी तळी असत, त्यांना बावखल म्हणतात. जमिनीतलं पाणी वर असल्यामुळे फार खोल जावं लागत नसे. काठाने उतार किंवा पायऱ्या, वर रहाट, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडं. आत मासे असायचेच. तिकडच्या ख्रिस्ती आणि इतर वाडीवाल्यांची कित्येक पिढ्यांची शेती या बावखलांवर झाली. नंतर जमिनी विकल्या गेल्या, इमारती आल्या, बरीच बावखलं भरावाखाली गेली. आजीच्या माहेरचं बावखलही असंच गेलं. त्यावर आता पार्किंग आहे. अलीकडे काही ठिकाणी गावकरी उरलेली बावखलं साफ करून राखतायत, ते चांगलंच आहे.

तर अलवालला मामांनी घरामागे कोईचं तळं बांधायला घेतलं तेव्हा मी दोन महिने तिथेच होते आणि हिशेबाची वही माझ्याकडे होती. मंडळातल्या दोघांनी ‘कसं केलं ते लिही’ म्हणून सांगितलं, म्हणून हा लेख. बांधकाम, पाणी आणि मासे यांतलं सगळ्यांत कठीण पाणी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आजीचा पहिलाच प्रश्न होता, ‘बावखलाला कधी कुणी मशीन लावलं होतं का? तुम्हाला पंप कशाला?’ प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर समजलं की अर्धं तळं समजलं.

मासा खातो, आणि त्याच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात जातो. अमोनिया माशाला विष. पण पाण्यात, दगडांवर, चिखलात राहणारे काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक आहे, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात चालतं, आणि झाडांसाठी तर ते खतच. बावखलात हे सगळं आपोआप व्हायचं. मासे मोजके, पाणी जमिनीतून झिरपत नवं येणारं, तळाला चिखल, आणि रोज रहाटाने उपसून केळीला जाणारं. म्हणजे खत झालेलं पाणी बाहेर आणि ताजं पाणी आत. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात जमिनीशी संबंधच तुटलेला असतो. ती एक मोठी बादली झाली. म्हणून पंपाने पाणी फिरवायचं आणि फिल्टरमध्ये त्या जिवाणूंना घर करून द्यायचं. फिल्टर म्हणजे गाळणी असं बहुतेकांना वाटतं. गाळणं हे त्याचं छोटं काम, जिवाणू पोसणं हे मोठं.

आता बांधकाम. जागा निवडताना अर्धी सावली बघा. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, दिवसभर उन्हातलं तळं म्हणजे काढा. पण थेट झाडाखालीही नको, कारण पडलेली पानं कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. आमच्याकडे कडुलिंब होता, त्याच्यापासून बारा फूट दूर सरकलो आणि दुपारच्या उन्हासाठी वर हिरवी शेडनेट लावली.

आकार: दहा फूट लांब, सात फूट रुंद, चार फूट खोल. २८० घनफूट झाले. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे ७,९०० लिटर. कोईसाठी याहून फार लहान करू नये. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो आणि नीट ठेवला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. एका माशाला हजार लिटर धरले तर आमच्या तळ्यात सात मासे बसतात. दुकानदार वीस घ्या म्हणेल. त्याचं ऐकू नका. खोलीही चार फूट तरी हवी, कारण खालचं पाणी उन्हात कमी तापतं आणि वंचक बगळा काठावर उभा राहिला तर माशाला खाली पळता येतं.

खणायला लागलो आणि दोन फुटांवर मुरूम संपून खडक लागला. हे हैदराबाद आहे, खाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट बसलाय, तो तुमच्या कोईसाठी हलणार नाही. ब्रेकर लावायचा म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण. मग मेस्त्रींनीच तोड सुचवली (गवंड्याला इथे मेस्त्री म्हणतात, वसईच्या नातेवाइकांना हे दरवेळी सांगावं लागतं): दोन फूट खाली, दोन फूट वर. वरच्या भागाला आठ इंची सिमेंट ब्लॉकची भिंत आणि तिच्या माथ्यावर सळई घालून काँक्रीटची आडवी पट्टी. ही पट्टी वाचवायचा मोह होतो, पण वाचवू नये. चार फूट पाण्याचा तळाच्या प्रत्येक चौरस फुटावर ११३ किलो भार येतो आणि ते पाणी बाजूलाही तेवढंच ढकलत असतं. अर्धं वर असण्याचे दोन फायदे झाले. पावसात अंगणातलं गढूळ पाणी, मामींच्या गुलाबांवरच्या फवारणीसकट, आत वाहून येत नाही. आणि तीन वर्षांचा भाचा पळत येऊन थेट पाण्यात पडत नाही. तरीही वर लोखंडी चौकटीची जाळी केलीच. घरात लहान मूल असेल तर जाळी आधी, मासे नंतर. यात तडजोड नाही.

आत काय अंथरायचं? नुसत्या सिमेंटच्या तळ्यातून चुना पाण्यात उतरतो, पाणी फार अल्कधर्मी होतं, आणि ते पुन्हापुन्हा भरून ओतून द्यावं लागतं. हैदराबादेत कुणाकडे एवढं पाणी आहे? म्हणून अस्तर. रबराचं ईपीडीएम अस्तर मऊ असतं, कोपऱ्यांत छान बसतं, पण महाग. मामांनी वेगळा रस्ता काढला. महाराष्ट्रात शेततळ्यांना जो ५०० मायक्रॉनचा जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो लातूरकडच्या एका दुकानातून आणला. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून मराठवाड्यात हा कागद ओळखीचा झालाय. तो ताठ असतो, कोपऱ्यात घड्या घालताना दोन माणसांचा घाम निघतो, पण टिकाऊ आहे. मापाचं गणित सोपं: लांबी अधिक खोलीच्या दुप्पट अधिक काठावर दुमडायला दोन फूट. आमच्यासाठी १० + ८ + २ म्हणजे वीस फूट, आणि रुंदीला ७ + ८ + २ म्हणजे सतरा फूट.

कागदाखाली दोन इंच बारीक वाळू आणि तिच्यावर काहीतरी जाड, म्हणजे खडकाचं टोक वर येऊन भोक पाडणार नाही. बाजारात त्यासाठी खास कापड मिळतं. आम्ही जुने फ्लेक्स वापरले. निवडणुका होऊन गेल्या की या शहरात फ्लेक्सला तोटा नसतो. आमच्या माशांखाली सध्या तीन पक्षांचे उमेदवार शेजारी-शेजारी झोपलेत.

फिल्टरला दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम लागले. पहिल्यात पाणी संथ होतं आणि जड घाण तळाशी बसते. खाली एक व्हॉल्व्ह आहे, आठवड्यातून एकदा उघडला की काळं पाणी निघतं. दुसऱ्यात पाणी खालून वर चढतं आणि वाटेत स्पंजच्या लाद्या आणि प्लास्टिकच्या जाळीदार गोळ्या लागतात. जिवाणू राहतात ते यांच्यावर. जितका पृष्ठभाग जास्त तितकी वस्ती जास्त. तिथून पाणी धबधब्यासारखं परत तळ्यात पडतं. पंप असा घ्यावा की दोन तासांत सगळं पाणी एकदा फिरून येईल, म्हणजे आमच्यासाठी ताशी चार हजार लिटर. कूलरचा पंप यात टिकत नाही. साठ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला दीड युनिटच्या आत, महिन्याला त्रेचाळीस युनिट. आणि पाण्यात वीज आहे, म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय बटण दाबू नका.

इथवर आल्यावर मामींनी काम थांबवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला होता, दहा दिवस दवाखान्यात होता. ‘आपण मागच्या दारी आठ हजार लिटर पाणी साठवायचं, आणि त्यांच्या आईला काय तोंड दाखवायचं?’ मला वाटतं या सगळ्या उद्योगातला हा एकच खरा प्रश्न होता. बाकीचे पैशाचे आणि घामाचे.

गंमत म्हणजे डासाने मलेरिया होतो याचा शोध आमच्यापासून काही किलोमीटरवर लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेले ते डास होते, आणि रॉस त्याला प्रत्येक चाव्यामागे एक आणा देत. बेगमपेटला ती इमारत आजही आहे. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिवस झाला तो त्यामुळेच. तो डास अॅनाफिलीस, डेंग्यूचा डास एडिस, पण दोघांचीही पोरं पाण्यातच वाढतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मग तळं धोक्याचं की नाही? मासे असलेलं, पाणी हलतं असलेलं तळं नाही. अळ्यांना श्वासासाठी संथ पृष्ठभाग लागतो, आणि कोई किंवा गप्पी समोर आलेली अळी सोडत नाहीत. महाराष्ट्रात नगरपालिका गप्पी मासे वाटतात ते यासाठीच. एडिसला आवडतात कुंडीखालच्या ताटल्या, कूलरची टाकी, गच्चीवरचं टायर, झाकण नसलेला ड्रम. धोका असतो तो अर्धवट बांधकामाचा. खड्डा खणून ठेवला, पाऊस पडला आणि काम महिनाभर रखडलं, तर तो खड्डा डासांचा पाळणा होतो. म्हणून खोदाई पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात काढा आणि एका दमात संपवा. मामींनी हे मान्य केलं, पण कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या त्याच दिवशी काढायला लावल्या. शेजारच्या काकूंना बोलावून धबधबा आणि गप्पी दाखवले ते वेगळंच. त्या अजून फार खूश नाहीत, पण त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी मासे बघायला येतो.

आता पाणी. एवढं भरायला पाच हजार लिटरचा एक टँकर पुरत नाही. नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं, जिवाणूही मारतं. पाणी भरून चोवीस तास जोरात फिरवत ठेवलं तर ते उडतं, नाहीतर सोडियम थायोसल्फेट घालतात. हैदराबादच्या नळाला येणाऱ्या पाण्यापैकी काही मांजरा नदीचं आहे, सिंगूर धरणातून येणारं. ही मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि लातूरकडून इकडे येते. अस्तरही लातूरचं, पाणीही तिकडून आलेलं, म्हणून मामा हल्ली तळ्याला ‘मराठवाडा’ म्हणतात.

बोअरचं पाणी असेल तर क्लोरीन नाही, पण ते जड आणि अल्कधर्मी असतं. कोईला जडपणाचं फारसं काही वाटत नाही. अडचण अमोनियाची. त्याचा विषारी भाग पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो. पीएच ७ असताना ३० अंशांना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो, पीएच ८.५ झाला की तोच वीस टक्क्यांच्या आसपास जातो. तेच पाणी, तोच अमोनिया, पण मासे मरतात. म्हणून थेंबांची तपासणी किट घ्या, अमोनियाची आणि पीएचची. ती महाग वाटते, पण एका चांगल्या माशापेक्षा स्वस्त आहे.

आणि घाई नको. तळं भरल्यावर जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात आम्ही फक्त पंधरा गप्पी सोडले. ते डास खात होते आणि त्यांचा थोडासा अमोनिया जिवाणूंना पुरत होता. किटमध्ये आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर आले. डिसेंबरच्या थंडीत हे जरा हळू झालं. जानेवारीअखेर तीन कोई आले, पुढच्या महिन्यात आणखी तीन. पिशवी वीस-पंचवीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की मासा सोडायचा, पिशवीतलं पाणी मात्र तळ्यात ओतायचं नाही.

खाणं पाच मिनिटांत संपेल एवढंच. आजीचा आग्रह असतो की पाहुण्याला उपाशी ठेवू नये, म्हणून डबा मामांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय. कमळ, लिली लावायची हौस असेल तर वेगळ्या टबात लावा. कोई मुळं उकरतात, आठवड्यात कमळाचा चिखल होतो. गप्पींना आता त्या टबातच घर दिलंय.

उन्हाळा हा परीक्षेचा काळ. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. पहाटे ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो, आणि वीज नेमकी रात्री जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवाच. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले तर ती भूक नसते, त्यांचा श्वास कोंडतोय. रोज एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं तर आमच्या तळ्यातून दिवसाला ६५ लिटर जातात. टँकरच्या शहरात हे कमी नाही. याचं समर्थन मी करू शकते ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती आजीने सुचवली. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं लागतं, ते आठशे लिटर आम्ही गटारात सोडत नाही. ड्रमच्या व्हॉल्व्हला पाइप जोडून ते केळी, कढीपत्ता आणि गुलाबांना जातं. झाडांना वेगळं पाणी घालणं मामांनी बंद केलं, खतही जवळजवळ बंद. फिल्टरचे स्पंजही नळाखाली नाही, याच काढलेल्या पाण्यात हलके पिळायचे, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात.

बांधण्याआधी कोई मोकळ्या पाण्यात कसे दिसतात ते बघायचं असेल, तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय.

एक शेवटचं. मासे मोठे झाले, घर बदललं, कंटाळा आला, तर ते हुसेनसागरात किंवा गावच्या तलावात सोडू नका. कोई हा कार्पच आहे. तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांचं खाणं संपवतो. काश्मीरच्या दल सरोवरात कार्प आणल्यावर तिथल्या मूळ माशांची संख्या घटली. माशांच्या दुकानात विचारा, कुणी ना कुणी घेऊन जातो. आमच्या तळ्यात अजून एका माशाची जागा आहे, पण ती मामींनी रिकामीच ठेवायला सांगितलीय.